टाकाऊ लाकडातून चिमणीची पेटी, पाट आणि चौरंग: नाशकात सुतारकाम शिकू पाहणाऱ्यांसाठी

सुतारकाम शिकायचं असेल तर टेबल-खुर्चीपासून सुरुवात करू नका, चिमणीच्या पेटीपासून, म्हणजे चिमणीला घरटं करायला भिंतीवर लावतात त्या लाकडी पेटीपासून करा. पाच फुटांची एक फळी आणि तिचे सहा तुकडे एवढंच त्यात असतं. तेवढ्यात सरळ काप, तिरका काप, गोल भोक, काटकोन, स्क्रू आणि उघडझाप करणारी एक बाजू असं सगळं हाताखालून जातं. दुसरं म्हणजे या पेटीतलं प्रत्येक माप चिमणीच्या गरजेतून आलेलं आहे. स्टूल एक बोट उंच झालं तरी माणूस त्यावर बसतो. पेटीचं भोक अर्ध्या इंचाने मोठं झालं, तर चिमणीऐवजी साळुंकी डोकावू लागते. म्हणून माप पाळण्याची शिस्त इथेच लागते आणि पुढे पाट-चौरंग करताना ती उपयोगी पडते.

नाशिककरांनी हे काम हाती घ्यावं असं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो, आणि त्यामागे आपल्याच शहरातल्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीचा पुढाकार आहे. कौलारू घरं आणि वाड्यांच्या वळचणी कमी झाल्या. सिमेंटच्या सपाट भिंतीत चिमणीला घरटं करायला फट उरली नाही. ती फट आपण चांगल्या लाकडात, नीट मापात करून देऊ शकतो.

लाकूड कुठून आणायचं

आधी देवदाराबद्दल बोलू, कारण पक्ष्यांच्या पेट्यांसाठी सिडर वापरा असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. आपल्याकडचं खरं सिडर म्हणजे हिमालयातला देवदार. तो हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरकडून येतो. त्याच्या गाभ्याच्या लाकडात सुगंधी तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि बुरशी त्याला सहजी धरत नाही. सागापेक्षा तो हलका आणि मऊ असतो, करवत लोण्यात जावी तशी त्यात जाते. ओळखायचा कसा? रंध्याचा एक हात मारा आणि नाकाजवळ न्या. तिखट, तेलकट वास आला आणि रंग पिवळसर तपकिरी दिसला की समजा. मात्र फळीच्या कडेला जो फिकट पांढरा भाग असतो तो गाभ्याइतका टिकत नाही, तो भाग पावसाच्या बाजूला घेऊ नका.

तरीही पहिल्या पेटीसाठी वखारीतून देवदार विकत आणू नका असंच मी सांगेन. इतक्या लांबून आलेलं लाकूड महाग पडतं, आणि तितकंच टिकाऊ लाकूड नाशकात टाकाऊ म्हणून पडलेलं असतं. देवदाराची एखादी फळी हाती आलीच तर ती कपाटातल्या खणासाठी किंवा छोट्या डब्यासाठी ठेवा. तिथे तिच्या वासाची किंमत होते.

टाकाऊ लाकडाच्या तीन जागा लक्षात ठेवा. पहिली, अंबड आणि सातपूरची औद्योगिक वसाहत. यंत्रं ज्या खोक्यांतून येतात ती खोकी आणि माल ठेवायची पॅलेट बहुतेक पाईनची असतात, आणि भंगारवाल्यांकडे ती वजनावर किंवा नगावर मिळतात. दुसरी, जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले वाडे. वाडा उतरवला की तुळया, चौकटी, माळ्याच्या फळ्या निघतात. हा जुना साग म्हणजे सोनं. कित्येक वर्षं वाळलेलं हे लाकूड सहसा वाकत नाही की पिळत नाही. तिसरी जागा तुमच्या गल्लीतला सुतार. फर्निचरच्या कामातून उरलेले फूट-दीड फुटाचे सागाचे तुकडे त्याच्याकडे कोपऱ्यात साठलेले असतात, आणि शेवटी ते बंबात जातात. जाऊन नीट विचारा, काय करायचंय ते सांगा. चिमणीसाठी पेटी करतोय म्हटल्यावर नाही म्हणणारा सुतार विरळाच.

पॅलेट घेताना त्यावरचा शिक्का वाचल्याशिवाय घेऊ नका. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडी पॅकिंगवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात देशाची दोन अक्षरं, एक क्रमांक आणि शेवटी प्रक्रियेची अक्षरं असतात. इंग्रजीतली ‘एचटी’ अक्षरं म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते सोडून द्या. शिक्का नसलेलं पॅलेट देशातल्या देशात फिरलेलं असू शकतं. तेव्हा त्यावर रसायनांचे, तेलाचे डाग आहेत का, वास येतो का, ते बघा. शंका आली तर ठेवून द्या.

काही लाकडं पेटीसाठी मुळीच नकोत. रेल्वेच्या जुन्या स्लीपरांत डांबरासारखं क्रिओसोट मुरलेलं असतं. जुन्या रंगाच्या दारांवर शिसं असलेला रंग असू शकतो, तो घासला की धूळ आपल्याच छातीत जाते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळ्या, पहिल्या पावसात फुगतात. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं, पण त्याला भुंगा लवकर लागतो आणि उघड्यावर ते टिकत नाही. कडुनिंब चांगला, कीड सहसा धरत नाही, फक्त नीट वाळलेला घ्या. बाभूळ कणखर असते, पण नवशिक्याच्या करवतीला आणि धीराला ती झेपत नाही.

फळी तयार करणं

या टप्प्याला घाई करू नका. निम्मं काम इथेच आहे.

पॅलेटची फळी हातोडीने ठोकून सुटी करायला गेलात तर ती हमखास फाटते, कारण पॅलेटचे खिळे पिळाचे असतात. त्यापेक्षा कटावणीने फळी आणि खालचा ठोकळा यांच्यात पाव इंच फट करा, त्या फटीत हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, नुसतं पातं घाला आणि खिळाच कापा. पात्याच्या एका टोकाला जुनं फडकं गुंडाळलं की हाताला लागत नाही. खिळ्याचं डोकं फळीत राहतं, ते मागून ठोकून बाहेर काढता येतं.

वाड्याच्या सागात जुने खिळे खोल बुडालेले असतात आणि वरून दिसत नाहीत. फळीवरून इंच-इंच चुंबक फिरवा. जुन्या स्पीकरमधला चुंबक उत्तम काम देतो. तो जिथे ओढला जाईल तिथे खडूने गोल करा. लाकडावर निळसर-काळा डाग दिसला तरी थांबा. साग आणि लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले की तसा डाग पडतो, म्हणजे आत खिळा असण्याची शक्यता आहे. एकच खिळा करवतीचे दात आणि रंध्याचं पातं दोन्ही बाद करतो.

मग वाळवणं. भंगारातलं लाकूड पावसात भिजलेलं असू शकतं. फळ्या सावलीत, हवेशीर जागी एकावर एक रचा आणि प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या रिपा, म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, ठेवा, म्हणजे दोन्ही अंगांनी वारा लागेल. वर वजन ठेवा. उन्हात टाकून वाळवू नका. वरची बाजू आधी आकसते आणि फळीची पन्हाळ होते. नाशकात या कामाला दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. हवा कोरडी असते, ऊन सोसवतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये चिमण्यांची काड्या गोळा करायची लगबग सुरू व्हायच्या आत पेटी भिंतीवर लागते.

आता फळी हातात घेऊन नीट बघा. लाकडातल्या रेषा कुठून कुठे जातात, गाठी कुठे आहेत, एखादी चीर टोकापासून आत शिरली आहे का. चीर दिसते त्याच्या इंचभर पुढेपर्यंत फळी कापून टाका, कारण चीर दिसते त्याहून लांब गेलेली असते. गाठ तुकड्याच्या मधोमध आली तर चालेल, कडेला किंवा स्क्रूच्या जागी नको.

हत्यारं

एक बारीक दातांची हातकरवत, एक छोटा रंधा, टेप, गुण्या (काटकोन तपासायला), ड्रिल मशीन, ३२ मिलिमीटरचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत), अर्ध्या इंचाची पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), मोगरी (लाकडी हातोडा), कानस, दोन क्लॅम्प आणि ८०, १२० व १८० नंबरचा पॉलिश पेपर. एवढ्यात या लेखातलं सगळं काम होतं. वीजेची मोठी यंत्रं सुरुवातीला घेऊ नका. हाताने कापताना लाकूड कुठे अडवतं ते कळतं, आणि ते कळणं हेच शिकणं आहे. पैसे वाचवायचे असतील तर ड्रिल शेजाऱ्याकडून आणा, पण पटाशी स्वतःची घ्या आणि धार लावायला शिका. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती घसरते, आणि पुढे आपलाच हात असतो.

नाका-तोंडावर चांगला मास्क बांधा. सागाच्या आणि देवदाराच्या भुशाने पुष्कळांना शिंका आणि खाज सुरू होते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

मापांबद्दल एक गोष्ट. नाशकातले सुतार आजही इंच आणि सुतात बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या जरा वर. मी पुढची मापं तशीच दिली आहेत, म्हणजे वखारीत किंवा सुताराशी बोलताना अडचण येणार नाही.

पेटी: एक फळी, सहा तुकडे

सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड, पाच फूट लांब फळी घ्या. एका टोकाला गुण्या लावून ते टोक आधी काटकोनात कापून घ्या, आणि मग मापं टाका:

- पाठ: १५ इंच
- दोन बाजू मिळून: २० इंच
- समोरची फळी: ९ इंच
- तळ: साडेचार इंच
- छप्पर: साडेनऊ इंच

बेरीज ५८ इंच होते. करवत प्रत्येक कापात साधारण एक सूत लाकूड खाते, तेव्हा ६० इंचांत हे सगळं बसतं, फक्त पहिल्या टोकाला फार छाटू नका. सगळी मापं एकदम आखून एकामागून एक कापत सुटू नका. एक तुकडा कापा, मग पुढचं माप नव्या टोकापासून घ्या. नाहीतर करवतीने खाल्लेलं सूत प्रत्येक तुकड्यात कमी होत जातं.

दोन बाजूंचा काप इथला सगळ्यात सुंदर. छप्पर पुढे उतरतं हवं, म्हणून बाजू मागे ११ इंच आणि पुढे ९ इंच उंच लागते. २० इंचांचा तुकडा घ्या. डाव्या कडेला वरून ११ इंचांवर खूण करा, उजव्या कडेला वरून ९ इंचांवर. दोन खुणा जोडणारी तिरपी रेघ मारा आणि तेवढा एकच काप घ्या. दोन्ही तुकडे ११ आणि ९ इंचांचे निघतात, एक पालथा केला की तंतोतंत जुळतात. एका कापात दोन बाजू होतात आणि चिमूटभरही लाकूड वाया जात नाही.

तळ साडेचार इंच का? समोरची फळी सहा इंच रुंद आहे आणि दोन्ही बाजू तिच्या आत बसतात. सहातून पाऊण-पाऊण वजा केले की साडेचार उरतात. तुमची फळी पाऊण इंचाऐवजी पाच सूत जाड असेल तर तळही त्या हिशोबाने वाढवा. भंगारातल्या लाकडाचं जाडी-रुंदीचं माप कधीच पुस्तकी नसतं, म्हणून छापील आकडा धरून बसण्यापेक्षा हा हिशोब समजून घ्या. तळ जागेवर ठेवून बघून मगच पक्का कापा.

तळाच्या चारही कोपऱ्यांत दोन-दोन सुतांची भोकं पाडा, आत आलेलं पाणी त्यातून जातं. दोन्ही बाजूंच्या वरच्या भागात तशीच दोन-दोन भोकं हवेसाठी. नाशकातला एप्रिल-मे लक्षात घेता ही भोकं टाळू नका. बंद पेटीत पिल्लं उकाड्याने मरतात.

आता दार. समोरच्या फळीवर खालून ७ इंचांवर मध्य धरा आणि सव्वा इंचाचं, म्हणजे ३२ मिलिमीटरचं भोक पाडा. चिमणी त्यातून आरामात जाते, साळुंकी जात नाही. फळीखाली टाकाऊ तुकडा ठेवून दोन्ही क्लॅम्पने आवळा. होल सॉच्या मधलं बारीक ड्रिल पलीकडे निघालं की थांबा, फळी उलटी करा आणि उरलेलं त्या बाजूने कापा. असं केलं की मागची कड फुटत नाही. होल सॉ नसेल तर वर्तुळ आखून त्याच्या आतल्या अंगाने बारीक भोकांची माळ पाडा, मधला भाग पटाशीने काढा आणि गोल कानसीने आकार द्या. वेळ लागतो, पण होतं. भोकाच्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, पिसं अडकता कामा नयेत.

भोकाखाली बसायला काठी लावायचा मोह पुष्कळांना होतो. बाजारातल्या शोभेच्या घरट्यांना ती असतेच. लावू नका. चिमणीला तिची गरज नाही, ती थेट भोकाच्या कडेला पकडते. काठीचा उपयोग होतो तो कावळ्याला आणि मांजरीला, आयता आधार मिळतो. समोरच्या फळीच्या आतल्या अंगाला मात्र, भोकाच्या खाली, पटाशीने आडव्या रेघा ओढा. पिल्लांना वर चढताना नखं रुतवायला त्या लागतात. पेटीचं आतलं अंग रंधून गुळगुळीत करण्यात मुळीच वेळ घालवू नका, तिथे खरखरीतपणाच हवा.

जोडणीला गंजरोधक दीड इंची स्क्रू वापरा. प्रत्येक स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्या, विशेषतः टोकाजवळ. जुना साग कोरडा असतो, सरळ स्क्रू पिळला तर फटकन चिरतो. आधी एक बाजू, तळ आणि पाठ जोडा. तळ खालच्या कडेपासून दोन सूत वर घ्या, म्हणजे पावसाचं पाणी खालून त्यात मुरणार नाही. पाठ वर-खाली दोन-दोन इंच जास्त राहील, भिंतीला लावायला तीच जागा. मग समोरची फळी.

दुसरी बाजू पक्की करायची नाही. तीच सफाईची खिडकी. तिची वरची कड दोन सूत कमी करा. खालून ८ इंचांवर समोरच्या फळीतून एक स्क्रू आणि पाठीतून एक स्क्रू, दोन्ही अगदी एका पातळीत, तिच्या जाडीत जातील असे लावा. या दोन स्क्रूंवर ती बाजू झुलते. खाली एक स्क्रू लावून बंद करा. झुलताना अडकत असेल तर दोन्ही स्क्रू एका पातळीत नाहीत असं समजा.

छपराची मागची कड पाठीला टेकते, तिथे रंध्याने थोडा उतार द्या म्हणजे फट राहणार नाही. पुढे ते दोनेक इंच बाहेर येतं. बाजूंना बाहेर येत नाही, म्हणून तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा आठ इंच रुंद कापा आणि छपरावर चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोका, दोन्ही बाजूंना इंच-इंच लोंबता ठेवून कडा दुमडा. नुसतं पत्र्याचं छप्पर करू नका, खाली लाकूड असलं तरच आत भट्टी होत नाही.

पेटी कुठे लावायची

आपल्याकडे पाऊस पश्चिम-नैऋत्येकडून झोडपतो आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचंच. म्हणून पेटीचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला हवं. जमिनीपासून आठ-दहा फूट उंच, सज्जाखाली किंवा छपराच्या सावलीत भिंतीला घट्ट स्क्रू करा. झुलती पेटी चिमणीला आवडत नाही. जवळ छताचा पंखा नको, ही सूचना मी सगळ्यांत वर ठेवीन. गॅलरीत आणि पडवीत चिमण्या पंख्यानेच मरतात. एसीचा बाहेरचा डबा आणि मांजरीला चढता येईल अशी खिडकीची कड हेही टाळा. संक्रांतीनंतर आसपासच्या झाडांवर, तारांवर अडकलेला नायलॉन मांजा काढून टाका, चिमणी तो दोरा घरट्यात ओढून नेते आणि पिल्लांचे पाय त्यात गुंततात.

चिमण्या शेजारी-शेजारी राहतात, तेव्हा दोन-तीन पेट्या हातभर अंतरावर लावल्या तर लवकर वस्ती होते. आत गवत, कापूस, भुसा काही घालू नका. जे हवं ते त्या स्वतः आणतात. देवदाराचा भुसा तर नकोच. बाहेर उथळ भांड्यात पाणी आणि जवळ मेंदीचं किंवा बोरीचं झुडूप असेल तर उत्तम. पिल्लांना किडे-अळ्याच लागतात, म्हणून कुंड्यांवर कीटकनाशक मारणं बंद करा.

आठ-दहा दिवसांत कोणी आलं नाही म्हणून पेटी हलवू नका. एक अख्खा हंगाम थांबा, मग जागा बदला. एकदा घरटं झालं की हात लावू नका, उघडून फोटो काढू नका. अंडी साधारण ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं त्यानंतर दोनेक आठवड्यांत उडतात. एका हंगामात एकाच पेटीत दोन-तीन विणी होऊ शकतात. डिसेंबरमध्ये, पेटी रिकामी असल्याची खात्री करून, हातमोजे आणि मास्क घालून जुनं घरटं काढा, उकळतं पाणी ओता आणि वाळू द्या. फिनाईल नको.

दयाळ, साळुंकी, पिंगळा हेही पोकळीत घर करणारे पक्षी आहेत. साळुंकीला दोन इंचांच्या आसपास भोक आणि मोठी पेटी लागते, पिंगळ्याला तीन इंचांचं. तुमच्याकडे मोठं झाड असेल तर पुढच्या पेट्या तशा करा. बुलबुल आणि शिंपी पेटीत येत नाहीत, त्यांना दाट झाडी हवी.

पाट

पेटी झाली की पाट घ्या. पाऊण इंच जाड, पाच इंच रुंद, १८ इंच लांब अशा तीन फळ्या आणि सव्वा इंच उंच, १३ इंच लांब अशा दोन रिपा. फळ्या शेजारी ठेवा, दोन फळ्यांमध्ये एक सूत फट सोडा, आणि रिपा खालून आडव्या लावा, दोन्ही टोकांपासून तीन-तीन इंच आत. स्क्रू खालून, रिपेतून फळीत, पावणेदोन इंची. वर एकही स्क्रू दिसता कामा नये. रीप आणि फळीची बेरीज दोन इंच होते, तेव्हा स्क्रू वर डोकावत नाही.

इथे लाकडाची एक मोठी गोष्ट कळते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. आपल्याकडे मेमधली कोरडी हवा आणि जुलैची ओल यांत पाच इंची फळी डोळ्याला दिसेल इतकी कमी-जास्त होऊ शकते. म्हणून प्रत्येक फळीला रिपेतून दोन स्क्रू लावताना एक घट्ट बसवा, आणि दुसऱ्यासाठी रिपेतलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडून खाली वॉशर घाला. फळीला हलायला जागा मिळते. दोन्ही घट्ट केले, वर फळ्यांच्या फटीत फेव्हिकॉल भरला, तर पाट एखाद-दोन वर्षांत मधोमध चिरतो. वाड्यांतले जुने पाट इतकी वर्षं टिकले ते अशाच हिशोबामुळे.

कडा रंध्याने मोडून गोल करा. पाटावर मांडी घालून बसल्यावर घोट्याला जी कड लागते ती नीट हाताने चाचपून बघा, कुसळ राहता कामा नये. पॉलिश पेपर ८० पासून १८० पर्यंत, नेहमी रेषेच्या दिशेने. आडवा मारलात तर ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात.

चौरंग

चौरंगाची वरची बाजू पाटासारखीच: तीन फळ्या, पाच इंची, प्रत्येक १५ इंच लांब. पाय दोन इंच चौरस, सात इंच उंच, हे पॅलेटच्या ठोकळ्यांतून निघतात. पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या अडीच इंच रुंद, दोन १३ इंचांच्या आणि दोन साडेअकरा इंचांच्या.

प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला, लगतच्या दोन अंगांवर, पाऊण इंच खोल आणि अडीच इंच उंच खाच घ्यायची. पट्टी त्यात बसली की पायाच्या बाहेरच्या अंगाशी सपाट येते आणि वजन स्क्रूवर न येता लाकडावर येतं. खाच पटाशीने एकदम काढायला जाऊ नका. अडीच इंचांत दोन-दोन सुतांवर करवतीचे आडवे काप घ्या, सगळे पाऊण इंच खोल. मग पटाशी आडवी धरून मोगरीने हलके ठोके दिले की पाकळ्या उडाव्यात तसे तुकडे निघतात. शेवटचा पातळ थर हाताने दाब देऊन साफ करा. पट्टी हाताने दाबून बसली पाहिजे, ठोकावी लागली तर पाय फुटेल, सैल असेल तर चौरंग हलेल.

एका पायात दोन अंगांनी स्क्रू येतात. ते आत एकमेकांना आपटू नयेत म्हणून एका पट्टीचे स्क्रू वर-खाली टोकांशी घ्या, दुसऱ्या पट्टीचे मधे. खाचेत पाण्यात टिकणारं गोंद लावा, आवळा, आणि गोंद वाळायच्या आत दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या टोकांना क्लॅम्प लावून हलकं दाबा. एक दिवस तसंच राहू द्या.

वरच्या फळ्या चौकटीला आतून लावलेल्या इंचभर रिपांतून स्क्रूने धरा, आणि पाटाला केली तशीच मोठ्या भोकांची सोय इथेही ठेवा.

चौरंग डुगडुगला तर शहाबादी फरशीवर ठेवून निकाल लावू नका, फरशीच सपाट नसते. ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवा. आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून तो स्थिर करा. मग एका जाड ठोकळ्यावर पेन्सिल आडवी ठेवून ती चारही पायांभोवती फिरवा, रेघ सगळीकडे सारख्या उंचीवर येते. त्या रेघेवर चारही पाय कापा. एकच पाय अंदाजाने कापत बसलं की चौरंगाचा पाट व्हायला वेळ लागत नाही.

तेल आणि पॉलिश

पेटीला रंग, वॉर्निश काही नको. बाहेरून हवं तर अळशीचं ‘बॉइल्ड’ तेल (ते तयार मिळतं, घरी उकळू नका) पातळ हाताने एकदा लावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत, दोन-तीन आठवडे, वाऱ्यावर ठेवा. आतून काहीही लावायचं नाही. गडद रंग तर मुळीच नको, तो ऊन पितो. उघडं ठेवलेलं सागाचं किंवा देवदाराचं लाकूड वर्षभरात राखाडी होतं. ते खराब झालेलं नसतं, तसंच राहू द्या.

पाट आणि चौरंगाला तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आणि दोन हातांमध्ये किमान एक दिवस जाऊ द्या. जाड थर दिला तर तो चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. पूजेच्या चौरंगाला चकाकी हवी असेल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख लावा, पण त्यावर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग पडतो. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना गरम होतं, आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा, आणि मगच कचऱ्यात टाका.